दुसऱ्या पाळीचा सूर

१

आवाजाची चाचणी क्लब हाउसमध्ये होती. बाहेर खुर्च्यांवर बसलेल्या बायका बघून मी परत फिरणारच होते. निम्म्या तर विशारद. कुणी मोबाईलवर तानपुरा लावून गुणगुणतेय, कुणी थर्मासमधलं गरम पाणी घोट घोट पितेय. आणि मी कोण, तर टेलिफोन खात्यात जन्मभर दुसऱ्यांचे फोन जोडून दिलेली बाई. गाणं म्हणजे गणपतीची आरती, तीही मागच्या रांगेतून.

समूहगानाची जाहिरात मला शेजारच्या नाजनीननं पाठवली होती. "ताई, आठवड्यातनं एक दुपार तरी भाईर पडा की. मी बसते नानीजवळ," म्हणाली. नानी म्हणजे माझी आई. तिच्याबद्दल सांगतेच पुढं.

हे क्लब हाउस जिथं आहे ती जागा गिरणीची. माझे वडील, रावजी, याच गिरणीत कताई खात्यात होते. आता तिथं टॉवर उभे आहेत, खाली पोहण्याचा तलाव वगैरे थाट आहे. चिमणी तेवढी ठेवलीय, तिला रात्री निळे दिवे लावतात. ज्यांचं पोट तिच्यावर होतं त्यांना वॉचमन गेटवर नाव विचारतो.

माझ्या आधीची बाई आत गेली, एक आलाप ऐकू आला आणि दोन मिनिटांत ती लाल तोंडानं बाहेर आली. "गाऊच देत नाहीत हो," म्हणाली. मला जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

आत गुरुशांत सर एकटेच. किडकिडीत म्हातारा माणूस, पांढरा शर्ट गळ्यापर्यंत बटणं लावलेला. पेटी नाही, तबला नाही, काही नाही.

"गाणं नको," ते म्हणाले. "वडील गिरणीत कुठल्या खात्यात होते?"

मी सांगितलं.

"मग भोंगा ऐकलाय की तुम्ही. त्याचा सूर द्या."

म्हटलं, म्हातारा चळलाय. गिरणीचा भोंगा बंद पडून किती वर्षं झाली, माझे केस काळे होते तेव्हा. कुणाला आठवतोय तो? पण तोंड उघडलं आणि आला की हो. घशातून नाही, पोटातून आला, सरळ आणि लांब. आणि भानावर आले तेव्हा काढून ठेवलेल्या चपला माझ्या पायात होत्या आणि मी दारापाशी उभी होते. चाळीतल्या आम्हा पोरांची ती सवयच होती. भोंगा झाला की वडिलांचा डबा उचलायचा आणि गेटकडं पळायचं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सर हसले नाहीत. "तुम्हाला घेतलं," म्हणाले. "शनिवारी दुपारी. दुसऱ्या पाळीच्या वेळेला."

खरं सांगते, मला कुणी निवडलं असं ते आयुष्यात पहिल्यांदाच. बघायला आलेल्या स्थळांपैकी कुणी ते काम केलं नव्हतं. रिक्षात बसून मी होटगी रोडपर्यंत खुदुखुदू हसत होते.

२

आईला विसर पडलाय. डॉक्टरांनी त्याला मोठं नाव दिलंय, पण त्याचा अर्थ तेवढाच. तिचं नाव बजाबाई, माहेर करकंबचं, आणि मला ती 'बाई' म्हणते. "ओ बाई, पानी द्या की." "ओ बाई, तुमाला घरदार न्हाय का?" मी तिला आंघोळ घालते, भरवते, रात्री उठून चादर बदलते, आणि ती मला म्हणते, "लई उपकार झालं बाई तुमचं."

माझा धाकटा भाऊ इंद्रजीत पुण्याला असतो. रविवारी त्याचा फोन येतो. फोन मी तिच्या कानाला धरते, आणि ती लगेच म्हणते, "इंदू, जेवलास का रं बाळा?" हात माझा दुखतोय, फोन धरून. पण बाळ तो.

वैजयंती हे नाव वडिलांनी ठेवलं, आई वैजू म्हणायची. ते मी तिच्या तोंडून शेवटचं कधी ऐकलं हे मला आठवत नाही. म्हणजे विसर दोघींनाही पडलाय म्हणायचा. मला तिच्याकडून दुसरं काही नको होतं. जायच्या आधी एकदा माझ्याकडं बघून 'वैजू' म्हणावं, बास. एवढ्यासाठी मी काय नाही केलं? जुने फोटो दाखवले, अक्कलकोटला नेऊन आणलं, बदामाचं तेल चोळलं. शेवटी कंटाळून आरशासमोर मीच मला वैजू म्हणून बघितलं. फार वाईट वाटलं, पुन्हा नाही केलं.

३

पहिल्या शनिवारी कळलं की इथं गाण्याच्या आधी नुसता भोंग्याचा सूर धरायचा. सगळ्यांनी मिळून, न तुटता. एकानं श्वास घेतला की शेजारच्यानं सूर धरून ठेवायचा, म्हणजे ऐकणाऱ्याला सांधा कळत नाही.

"चोरून श्वास घ्या," सर म्हणाले. "भोंग्याला श्वास नसतो."

माझ्या शेजारी महेश्वरी होती, साखर पेठेतली. घरात तेलुगू, माग अजून चालू, टॉवेल करतात. तिच्याशी माझी जोडी लावली. ती श्वास घेताना मी धरायचं, मी घेताना तिनं.

सूर लागला. तो काही गोड नव्हता. जाडाभरडा, छातीत घुमणारा. खिडकीच्या काचा थरथरायला लागल्या. मग सरांनी हात खाली केला आणि आम्ही थांबलो.

सूर थांबला नाही.

फार नाही, एखादा श्वास घ्यावा इतकाच वेळ तो खोलीत राहिला. मी सगळ्यांच्या तोंडांकडं पाहिलं. सगळी मिटलेली. म्हटलं, मोठा हॉल आहे, गुळगुळीत फरशी आहे, घुमणारच. त्यात एसी चालू. टेलिफोनवर जन्म काढलाय मी, लाइनवरचा आवाज कसा रेंगाळतो ते मला कुणी शिकवायला नको.

मग बाहेर चपलांचा आवाज आला. पुष्कळ चपलांचा. घाईनं, पण न बोलता माणसं जावीत तसा. मागच्या बाजूला, गाड्या लावायच्या जागेकडं एक दार आहे, त्याच्यापलीकडून.

"आज काही कार्यक्रम आहे का इथं?" मी महेश्वरीला विचारलं.

"नाही वो. पाळी आत गेली," ती म्हणाली आणि पर्समधून लवंग काढून तोंडात टाकली.

मी हसले. ती हसली नाही.

घरी आले तर नाजनीन जिन्यातच उभी. तोंड उतरलेलं. "ताई, अल्ला कसम, मी फक्त नमाजाला म्हणून आतल्या खोलीत गेले होते."

ओट्यावर फडक्यात बांधलेली भाकरी होती. ज्वारीची, टम्म फुगलेली, अजून गरम. आईनं केलेली. आईनं स्वयंपाकघरात पाऊल ठेवून दोन वर्षं झाली असतील, आणि गॅस मी बाहेर जाताना सिलिंडरपाशी बंद करून शिवाय त्या कपाटाला कुलूप लावते. ते कुलूप तसंच होतं. भाकरी उलटी केली तर खाली राख लागलेली. आमच्या घरात चूल नाही.

आई पदर खोचून उभी होती. "भोंगा झाला की," ती म्हणाली. "त्येंची दुसरी पाळी हाय. डबा कोन देनार?"

क्लब हाउसपासून आमचं घर रिक्षानं अर्धा तास.

४

माणूस घाबरतो केव्हा, तर गमावण्यासारखं काही असलं की. मी घाबरले नाही. मला आनंद झाला. आईला काहीतरी आठवलं होतं!

पुढच्या शनिवारी तिनं चाळीतल्या सगळ्या बायकांची नावं घेतली. मायाक्का, त्या मायाक्काची सासू, सवत, सगळ्या. त्याच्या पुढच्या खेपेला वडील कसे केसात कापूस घेऊन घरी यायचे आणि ती दारातच फडक्यानं झटकायची, ते हातानं करून दाखवलं. बोलणं खणखणीत, डोळे स्वच्छ. नाजनीन म्हणाली, "ताई, नानी तर जवान झाल्या की!"

मी तिच्यासमोर गुडघ्यावर बसले. म्हटलं, "आणि मी कोण?"

आईनं पदर सावरला. "आता काय सांगू? हितली समदी मानसं म्हाईत न्हाईत अजून. लगीन हून वरीस न्हाय झालं की बाई."

कुणी कानफटात मारावी तसं झालं. मग हळूहळू उजेड पडला. ती नव्या नवरीच्या दिवसांत होती. मी अजून झालेलेच नव्हते, मग ओळखणार कुठून? त्या रविवारी इंद्रजीतचा फोन आला तेव्हा ती म्हणाली, "कोन वो तुमी? आमचं मानूस कामावर गेलंय." तो तिकडं घाबरला, ताई काय झालं, ताई काय झालं. मी इकडं तोंडाला पदर लावून हसत होते. घे की बाळा, आता तूही घे.

इतकं असूनही डोकं गप्प बसत नव्हतं. राखेचं काय? चपलांचं काय? एका शनिवारी सूर चालू असताना मी श्वासाचं निमित्त करून रांगेतून बाहेर पडले आणि मागचं दार उघडलं. गाड्या होत्या, ऊन होतं, कुत्रं झोपलं होतं. चपलांचा आवाज मात्र माझ्या दोन्ही बाजूंनी चालला होता. अंगाला गरम, तेलकट वारा लागला. कुत्र्यानं मान वर केली आणि जागा करून देण्यासाठी बाजूला सरकलं.

मी दार लावून रांगेत परत आले आणि सूर धरला. दुसरं काय करणार होते?

५

त्यानंतरच्या शनिवारी घरी गेले तेव्हा आई खिडकीत बसून चिंच खात होती. मला जवळ बोलावलं, इकडंतिकडं पाहिलं आणि हळूच म्हणाली, "कुनाला सांगू नगा बाई. मला दिवस गेल्यात." आणि पोटावर हात ठेवला. त्या वाळक्या, सुरकुतलेल्या पोटावर. "पोरगीच व्हावी. वैजू म्हनीन तिला मी."

ते नाव तिच्या तोंडून आलं. माझंच, पण माझ्यासाठी नाही. मी मोरीत जाऊन नळ सोडून रडले. वडिलांनी ठेवलेलं वगैरे सगळं खोटं, ते नाव तिनंच आधी ठरवून ठेवलं होतं.

आता हिशोब सरळ होता. दर शनिवारी ती पुढं सरकत होती. अजून थोडं सरकलं की मी जन्मणार. मग मोठी होणार, फ्रॉक, परकर, साडी. एक दिवस तिचं आणि माझं वय जुळून येणार आणि ती वर बघून मला ओळखणार. सूर जितका लांब, तितकी ती पुढं. सोसायटीच्या वर्धापनदिनाचा कार्यक्रम जवळ आला होता. मी सरांना गाठलं.

"त्या दिवशी सूर नेहमीपेक्षा लांब धरायचा, सर."

"किती लांब?"

"मी सांगेपर्यंत."

सरांनी माझ्याकडं पाहिलं. "घरचं कुणी येणार आहे का?"

"आई."

त्यांनी यादीत एक खुर्ची वाढवली. महेश्वरीनं मात्र मला जिन्यात अडवलं. "आणू नका वो आईला. मी नवऱ्याला अजून आणलं नाही इथं."

"का?"

"त्याचा गेलेला भाऊ याच पाळीत आत होता," ती म्हणाली आणि खाली उतरून गेली.

मला राग आला. हिचा नवरा हिला नावानं हाक मारतो, मुलं मम्मी मम्मी करतात, हिला काय जातंय शहाणपण शिकवायला! मी दुसऱ्याच दिवशी आईसाठी नवं इरकल लुगडं आणलं.

६

कार्यक्रम दुपारीच ठेवला होता. टॉवरवाली मंडळी नटूनथटून आलेली, पोरांच्या हातात वेफर्सचे पुडे. आई तिसऱ्या रांगेत कडेला बसली, शेजारी नाजनीन. आईचे हात पोटावर होते. मी स्टेजवरून तिला दिसेन अशी जागा मागून घेतली होती.

सूर लागला. सुरुवातीला लोक चुळबुळले, कुणीतरी हसलं, मग सगळे हळूहळू गप्प झाले. काचा वाजायला लागल्या. सरांचा हात वरच होता.

आईनं मान खाली घातली. तिचे हात पोटावरून सुटले आणि मांडीत गोल झाले, पाळण्यासारखे. ती हलायला लागली, पुढं मागं, पुढं मागं. मग एका हातानं पदर ओढून घेतला. ती कुणाला तरी पाजत होती.

मी जन्मले होते. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, पण सूर सोडला नाही. अजून, म्हटलं, अजून. महेश्वरी श्वास चोरायची तेव्हा तिच्या वाटणीचाही मी धरत होते.

आईचे हात आता खुर्चीच्या बाजूला खाली गेले. हवेत केस विंचरत होते, भांग पाडत होते. तीन पेड घेऊन वेणी घातली, रिबन बांधली, गाठ दातानं ओढली. मला ती ओढ डोक्यात जाणवली, अगदी कानामागं. आता शाळा, म्हटलं. आता मोठी होईन. आता बघेल ती वर.

तेवढ्यात मागचं दार उघडलं. बाहेरचं ऊन आत आलं नाही. दारात एक माणूस पाठमोरा उभा होता. बनियन, खाली खाकी चड्डी, खांद्यावर टॉवेल. केस पांढरे होते, पण म्हातारपणानं नव्हे, कापसानं. तो आत आला नाही आणि वळलाही नाही. वाट बघत उभा राहिला, इतकंच.

आई उठली. काठी खुर्चीलाच टेकून राहिली आणि ती ताठ उभी राहिली. चेहऱ्यावर अशी घाई, असं हसू की मी ते कधी पाहिलं नव्हतं.

"वैजू!" तिनं हाक मारली. खणखणीत.

"ओ आई!" मी ओरडले. सूर सोडून, सगळ्या लोकांसमोर, हात वर करून. "आई, मी इथं आहे!"

मी गप्प झाले तरी सूर तसूभर हलला नाही. माझ्यावाचून त्याचं काही अडलं नव्हतं. आणि आईनं माझ्याकडं पाहिलंच नाही. ती खाली बघत होती, आपल्या कमरेपाशी. तिची मूठ मिटलेली होती, छोट्या हातावर मिटतात तशी. तिच्या इरकलाआड काहीतरी लाल हललं. रिबन असेल, नसेलही. त्या बाजूला अंधार होता.

ती दाराकडं चालायला लागली. मी पुन्हा ओरडले, "आई!" तेव्हा ती थांबली. वळून माझ्याकडं चांगलं निरखून पाहिलं. एसटी स्टँडवर एखादी परकी बाई रडताना दिसली की आपण बघतो, तसं. तिच्यामागं धावलेल्या नाजनीनच्या कानाशी वाकून काहीतरी बोलली आणि दाराबाहेर गेली.

स्टेजवरून उतरायला वाट नव्हती. पुढं रांगेतली माणसं, डोळे मिटून गाणारी, दगडासारखी उभी. मी त्यांना ढकलत, बोचकारत खाली आले. मिटलेलं दार उघडलं तेव्हा बाहेर गाड्या होत्या आणि ऊन होतं. पाठीमागं सूर थांबला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

७

पोलिसांत तक्रार दिली. कॅमेऱ्यात दार उघडताना दिसतं, मिटताना दिसतं. मधे कुणी नाही. इंद्रजीत त्याच रात्री गाडी घेऊन आला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "एक म्हातारी सांभाळणं जमलं नाही तुला? गाणी म्हणत होतीस?" त्याच्या मोबाईलमध्ये आईचे 'इंदू' म्हणतानाचे कितीतरी आवाज साठवलेले आहेत. गाडीत बसून तो ते ऐकत होता.

कुंभारीपर्यंत शोधलं, करकंबला माणसं पाठवली. कुठंच नाही. गुरुशांत सर घरी येऊन गेले. चहा घेतला नाही. जाताना म्हणाले, "शनिवारी या." मी जाते. लोक म्हणतात, बाईला काळीज आहे की नाही. मी सूर धरते, मागं चपला वाजतात, पण मागचं दार काही उघडत नाही. घरी येते तर ओटा स्वच्छ असतो.

एक विचारायचं मी टाळत होते. काल विचारलं. नाजनीन भांडी घासायला मदत करत होती, तिला म्हटलं, "आई जाताना तुझ्या कानात काय बोलली गं?"

"काही नाही ताई. मला नीट ऐकूच आलं नाही. आवाज किती होता तिथं."

"नाजनीन."

तिनं नळ बंद केला. फडक्याला हात पुसले. मग माझ्याकडं न बघता, आईच्याच बोलीत सांगितलं.

"म्हणाल्या, ती वरची बाई लई रडायली की. बगा की जरा, तिची आई कुटं चुकल्याली दिसती."